टाचणीची बोटं

पेपरच्या कचेरीत तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठीमागे टाचणी. तिला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. बावीस वर्षं दर शुक्रवारी तिचं ‘अस्तर’ नावाचं सदर छापून येत होतं आणि त्यात कुणाला ना कुणाला टोचल्याशिवाय तिचं भागत नसे. फॅशनवर लिहिणारे बाकीचे लोक रंग कसे होते, पाहुणे कोण होते, असलं लिहायचे. टाचणी कपडा उलटा करून बघायची. शो संपला की ती थेट मागच्या खोलीत शिरायची, हँगरवरच्या कोटाची कड अंगठा आणि तर्जनीत धरायची, डोळे मिटायची आणि नुसतं ‘हं’ म्हणायची. त्या ‘हं’नं भल्याभल्या डिझायनरांच्या पोटात गोळा यायचा. शुक्रवारी छापून यायचं की कॉलर घाईत बसवलीय, अस्तर एका बाजूला ओढलं जातंय, काजं मशीनवर मारून हातानं केल्याचा आव आणलाय. आणि हे सगळं खरं असायचं, हो! म्हणून तर लोक घाबरायचे.

आता गंमत ऐका. या बाईला साधं बटण लावता येत नव्हतं.

बोटं होती तिच्या आईची. आई कपडे दुरुस्त करायची. ड्रायक्लीनरच्या दुकानामागे एक खोली होती, तिथे पन्नास वर्षं ती बसत होती. फाटलेली अस्तरं, सैल कमरा, लांब बाह्या, सगळं यायचं. पोरगी आठ वर्षांची असताना एकदा टेबलाखाली बसून चिंधीवर सुई चालवत होती. आईनं पाहिलं, हातातून सुई हिसकावून घेतली आणि म्हणाली, “ऊठ. पुस्तक घे.” झालं. त्यानंतर सुईला हात लावायची सोय राहिली नाही. पोरगी पुस्तकं वाचून वाचून पेपरात प्रूफं तपासायला लागली.

प्रूफं तपासता तपासताच एक दिवस नशिबानं डोळा मारला. फॅशनवर लिहिणारी बाई आजारी पडली, संध्याकाळी शो होता आणि कचेरीत दुसरी बाई म्हणून ही एकटीच. पाठवली. ही तिथे दोन तास डोळे फाडून बघत बसली, आणि घरी जायच्या ऐवजी आईच्या खोलीवर गेली. पेन्सिलीनं एकेक कोट काढून दाखवला. आई चष्मा सरकवून म्हणाली, “हा खांदा बघ. मुंढ्यात ताण आहे. शेवटच्या दिवशी अस्तर लावलंय यांनी, कापडाला बसायला वेळ दिला नाही.” हिनं ते जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी डिझायनरचा फोन, नुसता तडतडत होता, “तुम्हाला हे आतून कुणी सांगितलं?” तेव्हाचे संपादक एवढे खूष झाले की म्हणाले, दर आठवड्याला लिहा.

त्याच दिवशी ती आईला म्हणाली, “हे कुणाला सांगू नकोस हं.” आई म्हणाली, “मला कोण विचारतंय?”

तेव्हापासून दर बुधवारी, संध्याकाळी सहा ते आठ, टाचणी आईच्या खोलीत. ही चित्रं काढणार, आई बोलणार, ही लिहून घेणार. पुढे फोनमध्ये फोटो निघायला लागले, पण आईचा फोटोवर विश्वास नव्हता. “दिव्यांखाली चिंधीसुद्धा चकाकते. तू काढून दाखव, तुला काय दिसलं ते.” तर असं ते चाललं होतं. डोळे मिटून ‘हं’ म्हणायचं नाटक टाचणीचं स्वतःचं, पण बाकी सगळं आईचं. वर्षं उलटली तसं तिला स्वतःलाही वाटायला लागलं की बोटं आपलीच आहेत. माणसाचं असंच होतं.

आणि मग कचेरीत नवी आली. तिला सगळे नवीच म्हणत. सव्वीसेक वर्षांची, केस बारीक कापलेले, बोलताना समोरच्याच्या बटणांकडे बघायची सवय. टाचणीनं पहिल्या दिवशी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मनात म्हणाली, तीन महिने. पण नवी टिकली. वर ‘ताई, ताई’ करत पुढेपुढे करायची, चहा आणून ठेवायची, जुनी ‘अस्तर’ काढून वाचायची. असल्या माणसावर धड रागावताही येत नाही, त्याचाच टाचणीला राग.

एक दिवस नवीच्या कोटाचं अस्तर कचेरीच्या दाराच्या कडीत अडकून टर्रकन फाटलं. तासाभरात तिला एका मोठ्या माणसाच्या मुलाखतीला जायचं होतं, पोर रडकुंडीला आली. टाचणीला त्या दिवशी कुठून उमाळा आला कोण जाणे. म्हणाली, “पलीकडच्या रस्त्यावर ड्रायक्लीनर आहे ना, त्याच्या मागे एक बाई बसतात. पटकन करून देतील.”

एक बाई! स्वतःच्या आईला एक बाई म्हणाली. आणि एकदा तोंडातून गेलं की परत कसं घेणार? आई म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, की ताई, मग ‘अस्तर’मधलं ते सगळं...

त्यानंतर महिनाभरानं एका बुधवारी टाचणी खोलीवर गेली, तर मशीनशेजारी दुसरं स्टूल. आणि स्टुलावर एक पांढरी चिंधी, तिच्यावर धावदोऱ्याच्या ओळी. पहिल्या दोन ओळी वाकड्यातिकड्या, तिसरी बरी, पाचवी सरळ.

“हे कुणाचं?”

“एक पोरगी येते शनिवारी,” आई म्हणाली. “अस्तर शिवून घ्यायला आली होती, तिथेच बसून बघत राहिली. मग म्हणाली, मावशी, मला शिकवाल का? तुमच्याच पेपरातली आहे. हात चांगला आहे गं तिचा.”

“माझं काही बोललीस का तिच्याशी?”

“कशाला बोलू? तूच नको म्हणाली होतीस ना.”

टाचणीनं ती चिंधी उचलली, पाहिली आणि ठेवून दिली. त्या संध्याकाळी तिचं चित्राकडे लक्षच लागेना. मावशी म्हणे! आपल्या हातून सुई हिसकावून घेतली होती या बाईनं, आणि आता रस्त्यावरून आलेल्या पोरीला समोर बसवून धावदोरा शिकवतेय. वर हात चांगला आहे म्हणतेय. चाळीस वर्षांत आपल्या हाताबद्दल एक शब्द बोलली होती का? नाही. आपला हात चांगला आहे की वाईट, हे बघायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती.

पुढच्या शनिवारी टाचणी त्या रस्त्यानं गेली. सहज, असं तिनं स्वतःला सांगितलं. सहज कसलं, मुद्दाम गेली, आणि वेळ साधून गेली. ड्रायक्लीनरच्या काचेतून आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कोट टांगलेले दिसत होते, आणि मागचं दार उघडं होतं, त्यातून आईची खोली. आईनं नवीच्या हातावर हात ठेवला होता आणि दोघींच्या चार बोटांत एकच सुई होती. नवी काहीतरी बोलली आणि आई हसली. मान मागे टाकून, दात दिसेपर्यंत हसली. टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काळा कोट हातावर टाकून बाहेर आलेल्या गिऱ्हाइकानं तिला विचारलं, “आत जायचंय का?” ती म्हणाली, “नाही,” आणि तरातरा निघून गेली. घरी पोचेपर्यंत ती मनातल्या मनात नवीला तीनदा नोकरीवरून काढून मोकळी झाली होती.

मत्सर म्हणजे काय हे तिला चांगलं माहीत होतं, फॅशनच्या धंद्यात ते रोज बघायला मिळतं. पण आजवर तिनं तो दुसऱ्यांचा पाहिला होता. आता स्वतःच्या पोटात दुखायला लागल्यावर तिला कळलं की हे दुखणं कुणाला दाखवताही येत नाही. पन्नाशीला आलेल्या बाईनं कुणाला जाऊन सांगायचं, की माझी आई दुसऱ्या मुलीशी हसते?

अशात संपादकांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. पानं कमी होत होती. फॅशनला आता एकच सदर राहणार.

“मंगळवारी तो मोठा शो आहे,” साहेब म्हणाले. “दोघीही लिहा. शुक्रवारी दोन्ही लेख शेजारी शेजारी छापतो. मग ठरवू सदर कुणाचं ते.”

साहेबांना कोट आणि चादर यांतला फरक कळत नसे, आणि स्वतःच्या अग्रलेखाशिवाय पेपरातलं दुसरं काही ते वाचत नसत. पण सदर कुणाला द्यायचं हे ठरवणारे तेच होते. बावीस वर्षांचं ‘अस्तर’ एका मंगळवारवर येऊन लटकलं.

शोमध्ये त्या रात्रीचं खरं आकर्षण होतं एक लांब कोट. गडद निळ्या मखमलीचा. अंग जवळजवळ काळं वाटावं इतकं गडद, आणि बाह्या मात्र फिक्या, चंदेरी झाक असलेल्या. मॉडेल रॅम्पच्या टोकाशी आली, थांबली आणि तिनं दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले. सगळ्या हॉलनं ‘ओहो’ केलं. टाचणीनं ते ‘ओहो’ ऐकलं, पण पाहिलं काहीच नाही. कारण त्या घटकेला ती तीन खुर्च्या सोडून बसलेल्या नवीकडे बघत होती. नवी भराभरा काहीतरी लिहीत होती. एवढं काय लिहितेय ही? टाचणी मान वाकडी करकरून तिची वही वाचायचा प्रयत्न करत राहिली, आणि वळून बघेपर्यंत मॉडेलचे हात खाली आले होते.

नंतर मागच्या खोलीत तिनं नेहमीसारखी त्या कोटाची कड चिमटीत धरली, डोळे मिटले आणि म्हणाली, “हं.” पलीकडे नवी उभी होती. तिनं बाहीवरून तळहात फिरवला, एकदा खाली, एकदा वर, मग अंगावरून तसाच, आणि काही न बोलता बाजूला झाली.

बुधवारी टाचणीनं आईपुढे कोट काढला. अंगावर गडद रेघा, बाह्यांवर फिक्या.

आईनं कागद जवळ घेतला. “मखमल म्हणतेस? मग लव कुठे होती?”

मखमलीला लव असते, बारीक केसांसारखी, आणि ती एकाच बाजूला झुकलेली असते. लव वर गेली तर कापड गडद दिसतं, खाली आली तर चमकतं. एवढं टाचणीला ऐकून ऐकून माहीत होतं. पण या कोटाची लव कुठे होती? चिमटीत कड धरून ते कळत नाही, त्याला तळहात फिरवावा लागतो. तिनं फिरवलाच नव्हता.

“आठव,” आई म्हणाली. “अंगावरची वर आणि बाह्यांवरची खाली, असं होतं का? नाहीतर असं कर, त्या पोरीला विचार. ती होती ना तिथे? तिला मी मागच्याच शनिवारी लव ओळखायला शिकवलंय. ती बरोबर सांगेल.”

बस्स. तिला विचार! टाचणीच्या अंगाचा तिळपापड झाला.

“तिला कशाला विचारू? मी हात लावलाय. खाली होती. दोन्हीकडे खालीच.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे काय! माझ्या बोटांना कळत नाही का?”

आईनं तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग कागद परत दिला. “मग कापडच दोन ताग्यांचं आहे. रंग एक म्हणून घेतले आणि कापले. दोन ताग्यांत फरक पडतो, मास्तरानं उजेडात धरून बघायला हवं होतं. चूक त्याची.”

टाचणीनं तस्संच लिहिलं, आणि त्या दिवशीचं सगळं विष त्यात ओतलं. एवढ्या नावाजलेल्या डिझायनरकडे कोट कापणाऱ्या मास्तरला डोळे नाहीत काय, असं विचारलं. त्याला घरी बसवा आणि निदान उजेड-अंधार कळणारा माणूस ठेवा, असंही लिहिलं. लिहून झाल्यावर तिला फार बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी नवी तिच्या टेबलाशी आली. हातात आपला लेख. “ताई, एक विचारू? त्या निळ्या कोटाच्या बाह्यांची लव उलटी होती ना? म्हणजे कापड एकच, पण बाह्या उलट्या लवेच्या कापलेल्या. तिनं हात वर केले तेव्हा बाह्या अंगाच्याच रंगाच्या झाल्या, म्हणून मला वाटलं. तुम्ही हात लावलात, म्हणून विचारते.”

पान छपाईला जायला अजून दीड तास होता. तिचा लेख अजून दुरुस्त करता आला असता. नुसत्या चार ओळी काढायच्या होत्या.

“हे तुला कुणी सांगितलं?” तिनं विचारलं. “कुणाला विचारलंस?”

“कुणाला नाही. मला दिसलं.”

मला दिसलं! चार शनिवार काय बसली, हिला दिसायला लागलं! आणि मी बावीस वर्षं बुधवार बुधवार... टाचणीनं पेनाचं टोपण लावलं. आई कधी चुकलीय का? नाही. आईनं दोन तागे म्हटलंय. ही पोरगी चार दिवसांत मास्तर व्हायला निघालीय, तर होऊ दे की. शेजारी शेजारी छापून येऊ दे, आपटू दे तोंडावर. आईला आपण काय सांगितलं होतं, हे त्या क्षणी तिनं मनाच्या तळाशी दाबून टाकलं.

“तुला दिसलं ना?” ती गोड आवाजात म्हणाली. “मग तसंच लिही.”

“थँक यू, ताई,” नवी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की दुसऱ्या कुणालाही लाज वाटली असती.

शुक्रवारी दोन्ही लेख एकाच पानावर आले. डावीकडे दोन ताग्यांचं कापड आणि आंधळा मास्तर, उजवीकडे उलटी लव आणि मास्तरच्या हाताचं कौतुक. कचेरीत चहाच्या टेबलाभोवती पेपर हातोहात फिरत होता, आणि टाचणी आली की सगळे एकदम बिस्किटांबद्दल बोलायला लागत.

दुपारी एक म्हातारा आला. डिझायनर नव्हे, स्वतः कटिंग मास्तर. गळ्यात टेप, खिशात खडू, हातावर पांढऱ्या कापडात गुंडाळलेला कोट. साहेबांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं. मास्तरनं टेबलावरच्या फायली स्वतःच बाजूला केल्या आणि कोट पसरला.

“सदर लिहिणाऱ्या बाई आपणच ना?” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. “दर शुक्रवारी तुमचं ‘अस्तर’ मी कारखान्यात मोठ्यानं वाचतो. सगळे मशीन थांबवून ऐकतात. मी सांगतो त्यांना, या बाईंना काम कळतं. आज माझ्याच माणसांनी तो कागद माझ्यापासून लपवून ठेवला होता.”

टाचणी सवयीनं कोटाकडे वाकली.

“हात लावा,” तो म्हणाला. “नाही नाही, असा चिमटीनं नाही.” त्यानं तिचं मनगट धरलं, तळहात उघडा केला आणि बाहीवरून खाली ओढला. हात सरसर गेला. मग अंगावरून तसाच खाली ओढला. हाताखाली कापड खरखरीत उभं राहिलं. एक लहान पोरसुद्धा डोळे मिटून सांगेल इतका फरक होता. आयुष्यात पहिल्यांदा टाचणीच्या हाताला कापड समजलं, आणि ते या खोलीत, या माणसासमोर.

“एकच तागा,” मास्तर म्हणाला. “बाह्या उलट्या कापायला मला तीन दिवस लागले.”

साहेब टाचणीकडे बघत होते. तेवढ्यात नवी मध्ये पडली. ताईची बाजू घ्यायला पडली बिचारी. “साहेब, मखमलीत चूक होते. फार सोपं नसतं ते. परवाच मावशी म्हणत होत्या, त्यांचीसुद्धा एकदा—”

“मावशी मावशी काय लावलंयस!” टाचणी ओरडली. “कोण लागते ती तुझी? आई आहे ती माझी! माझी आई आहे!”

केबिनमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. बाहेर टाइप करणारे हातसुद्धा थांबले. नवीनं टाचणीकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोटाकडे, ज्याचं अस्तर त्या मावशीनं शिवलं होतं. तिच्या डोळ्यांत एकेक गोष्ट जुळत गेलेली टाचणीला दिसली. दर बुधवारी ताई कुठे जाते ते, मावशीच्या टेबलावरची कोटांची चित्रं कुणाची ते, बावीस वर्षांची ‘अस्तर’ कुठून आली ते. साहेबांना कळायला थोडा जास्त वेळ लागला, पण त्यांनाही कळलं. मास्तरनं कोट गुंडाळला आणि जाताना दारात थांबून म्हणाला, “तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. काम त्यांना कळतं.”

सोमवारी सदर नवीला मिळालं. तिनं नको नको म्हटलं, अगदी रडली, पण साहेबांनी ऐकलं नाही. टाचणीनं मास्तरची माफी मागणारी चार ओळींची नोंद स्वतः लिहिली, आडपडदा न ठेवता, आणि तिला परत प्रूफांच्या टेबलावर बसवण्यात आलं. पहिलं प्रूफ आलं ते नवीच्या लेखाचं. तिनं ते तपासलं. एकही चूक नव्हती, याचाही तिला राग आला.

बुधवारी सहा वाजले तेव्हा तिला कळेना की कुठे जायचं. चित्र काढायला कोट नव्हता, लिहायला सदर नव्हतं. पाय मात्र सवयीनं ड्रायक्लीनरकडे वळले.

आईनं टेबलाचा कोपरा नेहमीसारखा रिकामा करून ठेवला होता. कागद, पेन्सिल, सगळं जागच्या जागी.

“आज काय आणलंस?” आईनं विचारलं.

“काही नाही.”

“बरं,” आई म्हणाली. “ती शनिवारी आली होती. सगळं सांगितलं तिनं.” ती एका पँटची कड दुमडत होती, मान वर केली नाही. “लव खाली होती म्हणालीस मला.”

“खोटं बोलले.”

“शंका आली होती मला.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू नक्की म्हणालीस. वाटलं, असेल. तुझ्यावर विश्वास ठेवला.”

टाचणी दुसऱ्या स्टुलावर बसली, त्या पोरीच्या. आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं एकदम बाहेर आलं. “तिला का शिकवलंस? मला का नाही? माझ्या हातातून सुई काढून घेतलीस तू.”

“तुला पुढे जायचं होतं. इथे बसवायचं नव्हतं मला तुला.”

“ते आठ वर्षांची होते तेव्हा. नंतर? बावीस वर्षं दर बुधवारी मी इथे बसलेय. या इथे! एकदा तरी म्हणालीस, ये, हात आण, असं कर म्हणून? तिला चार आठवड्यांत शिकवलंस. मी तुला नालायक वाटले का?”

आईनं दोरा दातानं तोडला. पँट बाजूला ठेवली, चष्मा काढला, पुसला, परत घातला. बोलायचं की नाही, हे ठरवायला तिला एवढा वेळ लागला.

“तुला शिकवलं असतं,” ती म्हणाली, “तर तू बुधवारी कशाला आली असतीस?”

टाचणी तिच्याकडे बघत राहिली.

“बघतेस काय अशी? खरं तेच सांगतेय. मला राग यायचा तुझ्या त्या पेपरचा. सगळा आठवडा त्याचा. सुट्टीसुद्धा त्याची. माझ्या वाट्याला दोन तास, तेही कोट दाखवायला म्हणून. मनात म्हटलं, हिला सगळं कळायला लागलं की झालं, मग माझ्याकडे काय आहे?” तिनं नाक ओढलं. “ती पोरगी शिकेल आणि जाईल. जाऊ दे, माझं काय जातंय? तुला मी थोडं थोडं सांगत राहिले. पुरवून पुरवून.”

टाचणीला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही. बाहेर दुकानात हँगर खडखडले.

मग आईनं खालच्या खणातून मखमलीचा एक तुकडा काढला, हिरवा, तळहाताएवढा. टेबलावर ठेवला. “हात आण. डोळे मीट. चिमटीनं नाही, तळहातानं. हां. आता सांग, लव कुठे?”

टाचणीनं डोळे मिटले आणि हात खाली ओढला. तळहाताखाली कापड खरखरीत उभं राहिलं. शुक्रवारी त्या मास्तरनं शिकवलेलं ती जन्मात विसरणार नव्हती. लव वर होती. अगदी स्पष्ट वर होती.

“खाली,” ती म्हणाली.

“चूक,” आई म्हणाली, आणि तिच्या आवाजात बरंच समाधान होतं. “पुढच्या बुधवारी परत बघू.”